तांब्याचा खण

रविवार, ३ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि दोन्ही लेकी ठणठणीत आहात असं धरून चालते. नसतात तर तू फोनवर कण्हलाच असतास. मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण गुडघ्याला मी माझ्यात धरत नाही.

तू म्हणशील, फोन असताना ही पत्र कशाला लिहिते. कारण फोनवर तू मधे बोलतोस. आणि आठवडाभर माझ्या पोटात जे साचलंय ते मला एकदा कुणीही मधे न बोलता ओकून टाकायचंय.

अप्पांच्या नाण्यांचे फोटो काढायला सुरुवात केली आहे. पहिल्या आठवड्यातच मला त्यांचा वीट आलाय. नाणेसंग्राहक मंडळाचे चिटणीस हात धुऊन माझ्या मागे लागलेत. दर दोन दिवसांनी फोन. "ताई, अप्पांच्या संग्रहाचं पुस्तक पंचवीस तारखेला छापायला जायलाच हवं. दोनशे पंधरा नाणी, दोन्ही बाजू." मी म्हटलं, मंडळाकडे चांगला कॅमेरेवाला नाही का? तर म्हणाले, "आहे हो, पण तो नाणी त्याच्या स्टुडिओत न्यायची म्हणतो. अप्पांना ते आवडलं नसतं." अप्पांना काय काय आवडलं नसतं याची यादी आता सगळ्या जगाकडे आहे. मला काय आवडत नाही हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

तर माझा स्टुडिओ ऐक. स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं स्टूल. त्याच्या बैठकीला मधोमध भोक असतं ना, त्यावर माझा मोबाइल आडवा ठेवायचा, कॅमेरा बरोबर भोकावर. खाली काळं कापड, लॉन्ड्रीतून आणलेलं, कुणीतरी न्यायला विसरलेल्या कोटाचं अस्तर. कापडावर खोडरबर आणि खोडरबरावर नाणं, म्हणजे ते अधांतरी दिसतं आणि सावली खाली पडून जाते. दोन्ही बाजूंना टेबल लॅम्प, त्यांच्यापुढे पांढरा कागद चिकटवलेला. बटण दाबलं की हात हलतो, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावायचा आणि तीन सेकंद श्वास धरून उभं राहायचं. एकूण खर्च शून्य, कारण खोडरबरसुद्धा तुझ्या लेकीचं आहे, मागच्या वेळी विसरून गेली ते.

ही सगळी अक्कल मला लॉन्ड्रीशेजारच्या पासपोर्ट फोटोवाल्याने दिली. दिवसभर लोकांची तोंडं सरळ करून करून तो वैतागलेला असतो. मी नाण्यांचं सांगितलं तर खूश झाला. म्हणाला, "ताई, बरंय. नाणं निदान डोळे मिटत नाही."

रविवारी दुपारी पडदे ओढून बसते. दोन तासांत तोंडात तांब्या-पितळेची चव येते. बोटांना वास लागतो तो चहाच्या कपाला लागतो, पावाला लागतो, उशीला लागतो. लॉन्ड्रीत मी तीस वर्षं हॉटेलच्या चादरी हाताळल्या आहेत. माणसं चादरीत काय काय ठेवून जातात ते मला विचार. पण कधी जेवण अडलं नव्हतं. या नाण्यांपायी परवा मी अर्धं ताट टाकून दिलं. सर्वांत खालच्या खणात जुन्या प्लास्टिकच्या पाकिटांतली वीसेक नाणी आहेत, आठवतं? प्लास्टिक पाझरून त्यांच्यावर हिरवा चिकटा धरलाय. बोट लावलं तर तार येते, शेंबडासारखी. अप्पांना माहीत होतं. पण धुवायचं नाही! शर्टावर असा डाग आला असता तर मी पाच मिनिटांत काढला असता. इथे मी तो डाग नीट उजेड पाडून, श्वास धरून, दोन्ही बाजूंनी टिपून ठेवते आहे.

आपल्या घरात नाण्यांना अंघोळ नव्हती आणि त्यांच्याजवळ जायचं तर आपल्याला दोनदा होती. कपाटावरची चिठ्ठी अजून तशीच आहे, "हात धुऊन उघडणे." त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात. मी अजूनही धुते. धुते आणि मग स्वतःचाच राग येतो.

तू विचारलं होतंस, शेवटी अप्पा नाण्यांबद्दल काही बोलले का. नाही. काही बोलले नाहीत.

खालून दोन खण झाले. असंच वर वर जात राहीन. सगळ्यात वरचा, तांब्याच्या नाण्यांचा, शेवटी करीन. नऊच तर आहेत. त्याची घाई नको.

हात धुतलेली,
तुझी ताई


रविवार, १० फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

आशीर्वाद. धाकटीचा ताप उतरला हे वाचून बरं वाटलं. तिला सांग, तिचं खोडरबर आता मोठ्या कामावर लागलंय, परत मिळायचं नाही.

खालचे सहाही खण झाले. चिटणीसांना फोटो आवडले. "ताई, आमच्या कॅमेरेवाल्याला तुमच्याकडे शिकायला पाठवतो," म्हणाले. मला त्यांच्या कौतुकाचीही शिसारी यायला लागली आहे. त्यांचा स्वतःचा दोष काही नाही, बिचारे सरळ आहेत. पण फोन उचलला की आधी एक उसासा, मग "अप्पा म्हणजे अप्पाच." पाच महिने मी हेच ऐकते आहे. अप्पा म्हणजे काय हे त्यांना मंडळाच्या सभेत कळलं, दुसऱ्या रविवारी, चहाबरोबर. मला कळलं ते बेडपॅन रिकामं करताना.

हे लिहायला नको होतं. पण शाईने लिहिलंय आणि मी कागद फाडत नाही.

तुझी प्रस्तावना मिळाली. दोनदा वाचली. "नाणं धुणं म्हणजे त्याचं वय पुसणं, असं अप्पा म्हणत." बरोबर, म्हणत. "तांब्याला हा रंग यायला दीडशे वर्षं लागतात आणि जायला दीड मिनिट." हेही म्हणत, जेवताना, घास तोंडात असताना, दर आठवड्याला. मग तू पुढे लिहितोस, "आमच्या घरात एकाही नाण्याला कधी पाणी लागलं नाही. मी आणि माझ्या बहिणीने हा वसा जिवापाड जपला."

ठोंब्या, तू काय जपलंस रे? तू दोन वर्षं आला नव्हतास. आलास तो दोन दिवसांसाठी, तेही ते गेल्यावर. शोकसभेत माइक हातात घेऊन हेच वाक्य बोललास आणि लोकांनी रुमाल काढले. मी मागे उभी होते. मला वाटलं आता उलटी होणार. लोकांना वाटलं, बिचारी, रडायला बाहेर गेली.

ते वाक्य काढून टाक. मी आणि माझी बहीण वगैरे नको. पुस्तक अप्पांचं आहे, त्यांच्यापुरतंच ठेव.

तांब्याच्या खणाचे नऊही सोबत पाठवले आहेत, चिटणीसांनाही दिले. थोडे मऊ आले आहेत. बल्ब बदलला होता, पांढऱ्याच्या जागी पिवळा लावला आणि कागद दोन पदरी केला. तांबं तसंच चांगलं दिसतं, उबदार, तपकिरी. जहाजाचं चित्र असलेलं नाणं, आपलं जहाजवालं, मी थोडं फिरवून ठेवलं होतं.

कामात एक गोष्ट कळली ती सांगते. कुठलंही नाणं घे, त्याचा एक कोन असा असतोच की जिथे ओरखडे दिसत नाहीत. खोडरबर हळूहळू फिरवायचं आणि स्क्रीनवर बघत राहायचं. दिसतो, दिसतो, दिसतो आणि मग गेला. तिथे थांबायचं. फोटोवाला म्हणतो त्याचा अर्धा धंदा यावरच चालतो. एका बाईच्या गालावरचा व्रण त्याने असाच घालवला, आणि पासपोर्ट बघणाऱ्याने तिला विचारलं, बाई, फोटोत तुम्ही आहात की तुमची बहीण? तो हसत हसत सांगत होता. मीही हसले, मग घरी येऊन हात धुतले, तीन वेळा.

तुला पुढचा प्रश्न पडायच्या आत सांगते, मी ते नऊ फोटो मोठे करून बघितलेले नाहीत. काढले, पाठवले, खण बंद केला. नाणी काळवंडलेली, डागाळलेली दिसली जराशी. तांबं असतंच तसं.

गुडघा तसाच. थंडी कमी आहे.

ताई


मंगळवार, १९ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

आशीर्वाद. हे पत्र बसून वाच, आणि बायकोला वाचून दाखवण्याआधी एकट्याने वाच. मधे बोलायची सवय आहे तुझी. आज बोललास तरी मला ऐकू येणार नाही, म्हणून बरं आहे.

शुक्रवारी चिटणीसांचा फोन आला. मुखपृष्ठावर जहाजवालं नाणं घ्यायचं ठरलं. ते अप्पांचं सगळ्यात लाडकं, म्हणून तेच. पण माझा फोटो मोठा केला की मऊ पडतो. "ताई, एकच पुन्हा काढा. जहाजाच्या शिडाची दोरी न् दोरी दिसली पाहिजे." मी म्हटलं, माझ्या मोबाइलची एवढीच ताकद. ते म्हणाले, "मग आमच्या माणसाला घेऊन येतो, अर्ध्या तासाचं काम." मी म्हटलं, नको, मीच काढते.

फोटोवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काच आहे? साधी, फ्रेमची? ती नाण्यावर तिरकी धरा, छपरासारखी. दिवा बाजूने मारा. काच उजेड सरळ खाली नाण्यावर पाडते आणि कॅमेरा काचेतूनच बघतो. मग नाणं काही लपवत नाही." मी म्हटलं, काहीच? "काहीच नाही ताई. जे असेल ते सगळं."

काच कुठली घेतली असेल ओळख. मंडळाने अप्पांना दिलेल्या सन्मानपत्राची. दुसरी घरात नव्हती. "अस्पर्श संग्रहाचे व्रतस्थ जतनकर्ते" असं लिहिलेला तो कागद मी फ्रेममधून काढून कपाटावर ठेवला. काच दोन पुस्तकांच्या आधाराने तिरकी उभी केली. पांढरा बल्ब लावला. आणि काय लपत नाही ते बघायलाच बसले.

आता ते सांगते जे मी तुला पाच महिने सांगितलं नाही.

अप्पा गेले त्याच्या अकरा दिवस आधीची दुपार. त्या दिवशी तिसऱ्यांदा चादर बदलली होती. तुला कल्पना नाही आणि मला ती तुला द्यायचीही नाही, पण एवढं लिहिते की नखांतून वास जात नव्हता आणि मी माझ्याच हाताने घास तोंडात घालू शकत नव्हते. चमच्याने पाव खात होते. तेवढ्यात तुझा फोन आला. अप्पा कसे आहेत विचारलंस आणि मी उत्तर देईपर्यंत नाण्यांवर आलास. कपाटाला ओल तर नाही ना लागत? मी म्हटलं, नाही.

फोन ठेवला तर अप्पांनी खूण केली, वरचा खण आण. आणला. मांडीवर ठेवला. त्यांचे हात थरथरत होते, जहाजवालं कडेने उचलायला गेले, निसटलं आणि चादरीवर घरंगळलं. ते खाली पडेल म्हणून मी झेपावले आणि धरलं. अप्पा ओरडले. महिनाभर ज्या माणसाला धड "पाणी" म्हणता येत नव्हतं ते स्वच्छ ओरडले.

"घाण हात! ठेव ते! ठेव, लांब हो!"

घाण हात. ती घाण कुणाची होती, ठोंब्या?

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तसं काही झालं नाही. मी अगदी थंड झाले. "बरं अप्पा" म्हटलं, खण उचलला आणि स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला. भांड्यांची पावडर घेतली, तारेची घासणी घेतली, आणि एकेक नाणं घेऊन घासलं. दोन्ही बाजू, कडासुद्धा. मला घासता येतं. तीस वर्षं तेच तर करते. काळंकुट्ट पाणी आधी तपकिरी झालं, मग गुलाबी. दीड मिनिटही लागत नाही, अप्पा चुकत होते. नऊ नाणी नव्या नळाच्या तोटीसारखी लखलखायला लागली. आणि मला किती बरं वाटलं ते मी तुला सांगू शकत नाही. वर्षभरात तेवढं बरं वाटलं नव्हतं. आज हे लिहिताना स्वतःची किळस येते, पण त्या दुपारी नाही आली. त्या दुपारी मी गाणं गुणगुणत होते.

पुसून, मांडून, खण परत त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "घ्या. हात धुतले. नाणीही धुतली."

ते बघत राहिले. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यातलं पाणी थांबत नव्हतं, ते नेहमीचंच होतं. मी वाट बघत उभी. ओरडा, म्हटलं मनात, एकदा पोटभर ओरडा. ते अडखळत म्हणाले, "छान झालं." मग म्हणाले, "दमलीस. जा, पड जरा. खण राहू दे इथे."

मला वाटलं, यांना दिसलंच नाही. एवढा मोठा सूड घेतला आणि गिऱ्हाईकाला पत्ताच नाही. तेव्हा मला त्यांची जी घृणा आली ना, ती चादरी धुताना कधी आली नव्हती. मी जाऊन पडले. खण शेवटपर्यंत त्यांच्या उशाशीच होता. अधूनमधून टणटण आवाज यायचा. मला वाटायचं, चाळवत असतील सवयीने. आत जाऊन बघावंसं मला एकदाही वाटलं नाही. ते गेल्यावर खण उचलला, कपाटात सरकवला आणि फोटोच्या दिवसापर्यंत उघडला नाही. उघडला तो पिवळ्या बल्बाखाली, अर्धे डोळे मिटून. म्हणून म्हटलं होतं तुला, त्याची घाई नको.

तर शुक्रवारी जहाजवालं काचेखाली ठेवलं. टायमर लावला. श्वास धरला. फोटो मोठा करून बघितला तर माझे ओरखडे. हजारो. घासणीचे गोल गोल फेरे, जहाजावर, समुद्रावर, अक्षरांवर. अपेक्षित होते. त्यांच्यासाठीच मन घट्ट करून बसले होते.

पण ओरखड्यांवर आणखी काहीतरी होतं. नाण्याच्या बरोबर मधोमध, जहाजावर, अंगठा. सबंध अंगठा, रेघ न् रेघ, तपकिरी रंगात उमटलेला. मी वळवून मागची बाजू बघितली. तिथे तर्जनी.

ताज्या घासलेल्या तांब्यावर बोट टेकलं की घामाचा ठसा राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांत तिथे तांबं गडद होतं. फोटोवाल्याला नाही, मला माहीत आहे हे, लॉन्ड्रीतल्या तांब्याच्या पाइपांवरून. आधी वाटलं माझाच. घासल्यावर मांडताना लागला असेल. मग बघितलं, अंगठ्यात एक रेघ आडवी चिरत गेलेली. तुला आठवतं, लहानपणी नाण्यांची पाकिटं कापताना अप्पांचा अंगठा ब्लेडने कापला होता आणि आपण दोघं रक्त बघून पलंगाखाली लपलो होतो? ती खूण. तरी खात्री करायची म्हणून पेन्शनच्या फॉर्मची प्रत काढली. सही जमेना म्हणून शेवटच्या महिन्यात त्यावर त्यांचा अंगठा मीच धरून शाईत टेकवला होता. दोन्ही शेजारी ठेवले. तोच.

बाकीची आठ बघितली. आठही. बरोबर मधोमध, प्रत्येकावर एकच, नीट दाबून ठेवलेला. थरथरत्या हाताने घरंगळताना लागलेला नव्हे. मग मी खालचे सहाही खण पुन्हा तपासले, दोनशे सहा नाणी, काचेखाली, शनिवार-रविवार जेवणसुद्धा विसरून. एकावरही बोट नाही.

ज्या माणसाने आयुष्यात नाण्याचं तोंड कधी धरलं नाही, कडेने उचललं, श्वास लागू नये म्हणून तोंड फिरवून बोलला, त्याने हीच नऊ निवडून बोटांत दाबून धरली. जी मी घासली तीच. म्हणजे दिसलं होतं त्यांना. पहिल्या क्षणाला दिसलं होतं. आता जपायला काही उरलं नाही हे कळलं, आणि मग त्यांनी ती हातात घेतली.

माझ्यावरचा राग गेला होता की माझा नादच सोडला होता, ते अंगठ्यावरून कळत नाही. तीन दिवस बघते आहे, कळत नाही. एवढंच कळतं की "छान झालं" म्हणताना त्यांना सगळं माहीत होतं. आणि "दमलीस" हेही ते माहीत असतानाच म्हणाले. हे मला झेपत नाही. मी इतके दिवस त्यांना आंधळं समजून त्यांचा तिरस्कार केला, ते जास्त सोपं होतं.

काल सकाळी चिटणीसांना नवे नऊ फोटो पाठवले, काचेखालचे. सोबत छापायला दोन ओळी दिल्या: "तांब्याच्या खणातली ही नऊ नाणी संग्राहकाच्या आजारपणात त्यांच्या मुलीने घासली आहेत. संग्राहकाने नव्हे." अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला. या वेळी उसासा नव्हता. हळूच म्हणाले, "ताई, हे छापायलाच हवं का? आधीचे फोटो चालतील की. कुणाला कळणार आहे? अप्पांना हे आवडलं नसतं हो."

मी म्हटलं, "अप्पांना जे आवडलं नसतं ते मी करून बसले आहे. आता त्यांच्या नावावर खोटंही छापू?"

"मग निदान ते बोटांचे ठसे पुसून घ्या," म्हणाले, "मऊ कापडाने. मुखपृष्ठावर बरं नाही दिसत."

माझा धंदा डाग काढण्याचा आहे. रक्ताचे काढलेत, शाईचे काढलेत, काय काय काढलंय ते लिहायचं नाही असं ठरवलंय. हे नऊ मी काढणार नाही. त्यांना तसं सांगितलं आणि फोन ठेवला.

आता तुझं. ते वाक्य तू अजून काढलेलं नाहीस, चिटणीसांनी मला परवा तपासायला पाठवलेल्या पानांत ते तसंच आहे, उलट "जिवापाड"च्या पुढे तू उद्गारचिन्ह घातलंयस. तू मला काय म्हणशील ते मला पाठ आहे. अप्पांचं आयुष्यभराचं नाव मातीत घातलंस म्हणशील. म्हण. फोन करून ओरड, मी नाही ओरडणार उलट. बोलायचंच नसेल तर तेही चालेल, त्याची सवय आहे. पण पंचवीस तारखेच्या आत ते वाक्य बदल. त्यांचं नाव राखायचं असेल तर हे मी केलं असं छापूनच राखता येईल.

बाकीचे सहा खण मंडळाला देऊ, ठरल्याप्रमाणे. ही नऊ मंडळाला नकोच असतील आणि मलाही द्यायची नाहीत. या नाण्यांना आता कुणीही हात लावला तरी चालतं. आज सकाळी मी जहाजवालं मुठीत घेतलं. पहिल्यांदाच. अंगठा त्यांच्या अंगठ्यावर पडला, पुरता झाकला गेला नाही. नाणं आधी गार होतं, मग नव्हतं. हाताला तोच तो वास लागलाय, पेनालाही लागलाय, या कागदालाही लागला असेल. तुला नकोसा वाटला तर वाटू दे.

धाकटीला पापा दे. खोडरबर नवीन घेऊन पाठवते.

हात न धुता,
तुझी ताई